नर्सरीला चार वर्षं शिकवल्यावर पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बारावीनंतर एक वर्षाचा मॉन्टेसरी कोर्स केला. ऐरोलीतल्या एका खासगी शाळेत चार वर्षं नर्सरी आणि ज्युनियर केजी घेतेय. मुलं रमतात, पालकांची तक्रार नाही, पण दरवर्षी तेच चक्र फिरतंय असं वाटतं. घरचे म्हणतात, पदवी घे, बी.एड. कर आणि मोठ्या वर्गांकडे जा. शाळा म्हणते, पुढच्या वर्षी कोऑर्डिनेटर करू. मला लहान मुलांमध्येच राहायचंय. मग माझी प्रगती कशी व्हायची? कोणता कोर्स करू?"

तुमच्या प्रश्नातलं "मला लहान मुलांमध्येच राहायचंय" हे वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. आपल्याकडे बालवर्गाची बाई नर्सरीतून पहिलीला गेली, पहिलीतून पाचवीला गेली किंवा वर्ग सोडून ऑफिसात बसली की तिची प्रगती झाली असं धरतात. बालरोगतज्ज्ञाला कोणी विचारत नाही की मोठ्या माणसांचे डॉक्टर कधी होणार. तीन ते सहा या वयात आयुष्यभर काम करावं आणि दर काही वर्षांनी आपलं आपल्यालाच जाणवावं की आता मला जास्त दिसतं, इतकं हे वय खोल आहे. कोर्सचं मी शेवटी सांगते, कारण कोणता कोर्स करायचा हे तुम्हाला नेमकं काय येत नाही यावर ठरतं आणि ते वर्गातच कळतं.

तेच चक्र का वाटतं, ते आधी पाहू. जूनमध्ये "मी आणि माझं कुटुंब", जुलैत पाऊस आणि छत्री, मग दहीहंडी, गणपती, डिसेंबरात गॅदरिंगची तालीम. थीम दरवर्षी त्याच असतात, मुलं मात्र नवीन असतात. वर्ष एकसारखं वाटायला लागलं की समजावं, आपली नजर थीमवर खिळलीय आणि मुलांवरून सरकलीय. या व्यवसायाचं मुख्य कसब मुलाकडे बघता येणं हे आहे. ते किती आलं यावरच बाई किती वाढली हे ठरतं असं माझं ठाम मत आहे. बाकी सगळं, म्हणजे साहित्य, गाणी, बोर्ड सजवणं, इंग्रजी बोलणं, हे त्याच्या मागून येतं.

बघणं म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून सांगते. कोपरखैरण्यातला बालवर्ग. पावणेपाच वर्षांचा मुलगा, वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी. मोकळ्या खेळाच्या वेळी त्याने गोष्टीच्या कोपऱ्यातली उशी उचलली, पाठीवर घेतली, मान पुढे काढली, एक हात मागे नेऊन उशी धरली आणि "चला बाजू, बाजू" करत वर्ग ओलांडला. खिडकीखाली उशी टाकली, परत गेला, दुसरी आणली. चार उशा झाल्यावर ताईंकडे कागद मागितला. त्यावर डावीकडून उजवीकडे एक नागमोडी रेघ ओढली, तिच्याखाली तशीच दुसरी, आणि खालच्या कोपऱ्यात झटक्यात एक गुंता काढला. कागद मैत्रिणीच्या हातात दिला आणि म्हणाला, "चार कट्टे. सही केलीय." कट्टे म्हणजे पोती.

त्या दिवशीच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे लिहिलं गेलं: "रोल प्लेमध्ये सहभाग चांगला. लेखन अजून नाही."

आता त्या मुलाला काय काय येतं ते बघा. लिखाण डावीकडून उजवीकडे जातं, ओळी एकीखाली एक येतात, हे त्याला कळलंय. सही हा लिखाणाचा वेगळा प्रकार आहे आणि ती खाली कोपऱ्यात करतात, हे त्याने हेरलंय. कागद हा पुरावा असतो, तो समोरच्याला द्यायचा असतो, हेही त्याला माहीत आहे. आणि "चार" हा त्याच्यासाठी पाठांतरातला शब्द उरलेला नाही, कारण चार खेपा केल्यावरच तो थांबला. अक्षर सोडलं तर लेखनाची जवळजवळ सगळी समज त्याच्याकडे आलीय, आणि नोंद म्हणते "लेखन अजून नाही".

ज्या ताईला हे दिसतं, तिची दुसऱ्या दिवशीची तयारी वेगळी होते. ती कोपऱ्यात एक जुनं पावतीपुस्तक ठेवते, मिळाल्यास कार्बन कागदासकट. एक तराजू ठेवते. तांदूळ भरून शिवलेल्या कमीजास्त वजनाच्या चार-पाच पिशव्या ठेवते. मुलांच्या नावांच्या पट्ट्या ठेवते आणि विचारते, "हा माल कोणाचा?" मग त्या मुलाला आपल्या नावाच्या पट्टीची गरज पडते, आणि आठवड्याभरात तो पहिलं अक्षर ओळखायला लागतो, कारण त्याला ते हवं असतं. वर्कशीटवर "क" पंचवीस वेळा गिरवून हे होत नाही. वर्कशीट पूर्ण होते, एवढंच.

हे बघणं सरावाने येतं आणि सराव नोंदीचाच करावा लागतो. पाठकोरे कागद कापून छोटी पॅड बनवा, एक पेनासकट अॅप्रनच्या खिशात ठेवा. रोज दोनच मुलं. मूल काय करतंय आणि काय बोलतंय ते त्याच्याच शब्दांत लिहा, वेळ टाका. "आनंदी", "हुशार", "चंचल", "हट्टी" हे शब्द या कागदावर येऊ द्यायचे नाहीत, कारण ते आपलं मत आहे. "सव्वादहा. रिकाम्या बाटलीत वाळू भरली, ओतली, पुन्हा भरली, सहा वेळा. सातव्यांदा अर्धीच भरली आणि हलवून आवाज ऐकला," अशी नोंद हवी. खाली रेघ मारा. रेघेखाली आपला अंदाज आणि उद्या काय ठेवणार ते लिहा. सुरुवातीला अंदाज पुष्कळदा चुकतील. उद्या ठेवलेल्या वस्तूकडे मूल ढुंकूनही बघणार नाही. तेही लिहा, कारण ती पुढची माहिती आहे. तीस मुलांच्या वर्गात दोघांची पाळी पुन्हा यायला तीन आठवडे लागतात, पण एका सत्रात प्रत्येक मुलाच्या चार-पाच खऱ्या नोंदी हातात राहतात. बहुतेक शाळांच्या रंगीत प्रगतिपुस्तकात एवढीही खरी माहिती नसते.

मुख्याध्यापिका म्हणाल्या की याला वेळ नाही, तर त्यांच्यासमोर ठेवायला भक्कम आधार आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत स्तर मानला, म्हणजे बालवर्गाची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२मध्ये आला. त्यात या वयासाठी मूल्यमापनाच्या दोनच मुख्य पद्धती सांगितल्या आहेत: मुलाचं निरीक्षण, आणि मुलाने केलेल्या गोष्टींचा, म्हणजे चित्रं, बांधकामं, मातीकाम यांचा अभ्यास. परीक्षा या वयाला योग्य नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलंय. आराखडा लांबलचक आहे, पण फुकट मिळतो. सगळा वाचायची घाई नको. मूल्यमापनाचं प्रकरण आणि दिवसाच्या आखणीचा भाग आधी वाचा. त्यावरूनच फेब्रुवारी २०२३मध्ये "जादुई पिटारा" हा साहित्यसंच आला. तोही एकदा हाताळून पाहा. आणि जवळच्या अंगणवाडीत ताईंकडे आपल्या राज्याने अंगणवाड्यांसाठी केलेल्या "आकार" या अभ्यासक्रमाची पुस्तिका असेल तर मागून घ्या. मराठीत आहे, सुटसुटीत आहे. खासगी शाळांतल्या कितीतरी शिक्षिकांनी ती पाहिलेलीच नसते, याचं मला वाईट वाटतं.

दुसरा सराव आपल्या स्वतःच्या बोलण्याचा. मोबाइल खिशात ठेवून वर्गातली दहा मिनिटं रेकॉर्ड करा. घरी एकटीने ऐका आणि आपण विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवा. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक होतं अशा प्रश्नांपुढे खूण करा: "हा रंग कोणता?", "गाय काय देते?", "किती फुलं आहेत?" मग खूण नसलेले किती राहिले ते बघा. "हे असं का केलंस?", "आता काय होईल वाटतं?", "तुझ्या घरी हे कसं करतात?" हे ते प्रश्न. बहुतेकींच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये असे प्रश्न फार थोडे निघतात. आणखी एक गोष्ट ऐका: प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबता. चार वर्षांच्या मुलाला उत्तर जुळवायला वेळ लागतो आणि आपण दोन सेकंदांत दुसऱ्याकडे वळतो. मनात सावकाश पाच आकडे मोजून थांबायची सवय लावली, तर गप्प बसणारी दोन-तीन मुलं महिन्याभरात बोलू लागतात. ऐकून झालं की रेकॉर्डिंग पुसून टाका. मुलांचे आवाज आणि फोटो आपल्या मोबाइलमध्ये साठवून ठेवायचे नसतात आणि व्हॉट्सअॅपवर तर मुळीच फिरवायचे नसतात.

आता ज्ञानाचं. चार वर्षांनंतर तुम्हाला गाणी, गोष्टी, कार्यानुभव भरपूर येत असणार. जे बहुधा कोणी नीट शिकवलेलं नसतं ते म्हणजे मुलाच्या शरीराचं आणि भाषेचं शास्त्र.

हात घ्या. मनगटातली आठ हाडं जन्मतः मऊ कूर्चेच्या रूपात असतात आणि पुढची कित्येक वर्षं एकेक करून घट्ट होत जातात. हाताची ताकद खांद्याकडून बोटांकडे येते: आधी खांदा स्थिर होतो, मग कोपर, मग मनगट, आणि शेवटी अंगठा आणि दोन बोटांची चिमूट. साडेतीन वर्षांच्या मुलाला चाररेघी वहीत लिहायला बसवलं की तो पेन्सिल मुठीत धरतो, कागद फाटेपर्यंत दाबतो आणि पाच मिनिटांत हात दुखतो म्हणून उठतो. आपण म्हणतो, लक्ष नाही. त्याचा खांदा तयार नसतो, एवढंच खरं असतं. मग काय द्यायचं? भिंतीवर किंवा उभ्या फळ्यावर पाण्यात बुडवलेल्या जाड ब्रशने रंगवायला द्या, त्याने खांदा चालतो. ओलं फडकं पिळणं, कणीक मळणं, बादलीतलं पाणी मगाने भरणं, याने मनगट चालतं. मटार सोलणं, दोरीवर रुमाल चिमट्याने लावणं, डाळीतून राजमा वेचणं, याने चिमूट येते. यातल्या कशाला शाळेचा खर्च लागत नाही. आणि यातल्या प्रत्येक कामाचं कारण तुम्हाला पालकाला दोन वाक्यांत सांगता यायला हवं. खेळ घेणं आणि तो खेळ का घेतला हे सांगता येणं, यांच्यामध्ये कित्येक वर्षांच्या अभ्यासाचं अंतर असतं, आणि पालकांचा विश्वास या दुसऱ्या गोष्टीवर बसतो.

भाषेच्या बाबतीत ठाणे आणि नवी मुंबई म्हणजे या व्यवसायातली मोठी शाळाच आहे. घणसोली-दिव्याच्या गावठाणातलं आगरी बोलणारं मूल, शेजारी घरी तेलुगू बोलणारं, त्यापलीकडे भोजपुरी, गुजराती, मल्याळी, आणि वर्गात बाई इंग्रजीत "सिट डाउन" म्हणतेय. नव्या भाषेत आलेलं मूल कित्येक आठवडे, कधी कधी महिने काहीच बोलत नाही. ते ऐकत असतं, साठवत असतं. या काळाला घाबरायचं नसतं आणि त्याला "बोल ना, बोल ना" करून टोचायचंही नसतं. त्याच्या आईकडून पाच गोष्टी तिच्या भाषेत शिकून घ्या: पाणी, शू, दुखतंय, आई येणार आहे, ये माझ्याजवळ. भिंतीवर लिहून ठेवा, मावशींनाही शिकवा. घरची भाषा बंद करा असं पालकांना कधीही सांगू नका. घरच्या भाषेत ज्या मुलाचं बोलणं समृद्ध असतं, त्याला दुसरी भाषा चांगली येते. पालक "घरी आता इंग्रजीच बोलतो" असं कौतुकाने सांगतात तेव्हा त्यांना हे प्रेमाने, पण स्पष्टपणे सांगणं हे आपलं काम आहे.

मात्र एक फरक ओळखता यायला हवा. जे मूल घरच्या भाषेतही बोलत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, बोटाने दाखवत नाही, दुसऱ्याच्या खेळाकडे पाहतच नाही, त्याची शांतता वेगळी असते. आजाराचं निदान आपण करायचं नाही, त्याचे शब्दही वापरायचे नाहीत. आपल्या नोंदी तारखांसकट पालकांसमोर ठेवायच्या आणि तपासणीला पाठवायचं. कानाची तपासणी सगळ्यात आधी, कारण सारख्या सर्दीने कानात पाणी साचूनही मूल ऐकत नाही. नवी मुंबई महापालिकेचं वाशीतलं ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी काम करतं. अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं करतात. आपल्या भागात पालकाला कुठे जायचं हे सांगता येईल असा एक कागद तयार ठेवा. "अजून लहान आहे, बोलेल" हे वाक्य आजीने म्हटलं तर समजू शकतं, शिक्षिकेने म्हणू नये, कारण या वयातले सहा महिने फार मोठे असतात.

पालकांचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडी थांबते, कारण अनुभवी बाईची खरी परीक्षा तिथे होते. "शेजारच्या शाळेत मुलं शंभरपर्यंत लिहितात, तुमच्याकडे नुसती खेळतात" हे तुम्ही दर पालकसभेत ऐकत असाल. यावर भाषण देऊन उपयोग होत नाही. पालकांना लहान खुर्च्यांवर बसवा. प्रत्येकाला डाव्या हाताने, डावखुऱ्यांना उजव्या हाताने, चाररेघी वहीत आपलं नाव दहा वेळा लिहायला सांगा. तिसऱ्या नावाला खांदे वर येतात, ओठ आवळले जातात. मग मुलांचे कागद काढा. एकाच मुलाची तीन चित्रं: जूनमधला गोल गोल गिरगटा, सप्टेंबरमधला बंद झालेला गोल, जानेवारीतला गोल ज्याला डोळे आहेत आणि थेट डोक्यातून दोन पाय फुटलेत. हाताचं नियंत्रण कसं आलं, मनातली प्रतिमा कागदावर कशी उतरली, आणि अक्षर काढायला याच गोष्टी कशा लागतात, हे त्या तीन कागदांवर बोट ठेवून सांगा. शंभरपर्यंत म्हणणाऱ्या मुलाला "सात वाट्या आण" म्हटल्यावर काय होतं, तेही घरी करून बघायला सांगा. सगळ्यांना पटेल असं नाही. दोन-तीन पालकांना नक्की पटतं, आणि पुढच्या सभेत तेच इतरांशी बोलतात.

एकटीने हे सगळं टिकत नाही, म्हणून सोबत शोधा. तुमच्या ट्रान्स-हार्बर लाइनवरच ठाणे, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे अशा ओळीने शाळा आहेत. चार-पाच जणींचा गट जमवा, महिन्यातून एक शनिवार, कोणाच्या तरी घरी. नियम एकच: प्रत्येकीने एका मुलाची एक नोंद आणायची, नाव बदलून. शाळेच्या, मॅनेजमेंटच्या तक्रारींना शेवटची पंधरा मिनिटं, नाहीतर सगळी सभा त्यातच जाते. आणि गटात एकतरी अंगणवाडी सेविका हवीच. मुलाचं वजन, घरातली परिस्थिती, आईचं बाळंतपण, भावंडं, हे सगळं मिळून मूल बनतं, हे त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. खासगी शाळांतल्या शिक्षिका त्यांना आपल्या व्यवसायातल्या मानत नाहीत, ही आपल्या क्षेत्रातली मोठी दरी आहे आणि ती बुजवणं आपल्याच हातात आहे.

या गटाने एकदा डहाणूजवळच्या कोसबाडला जाऊन यावं. आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक यांनी गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला आणि १९४५मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर वेगळा झाला तो २०१४मध्ये. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. मॉन्टेसरीचं महागडं साहित्य परवडेना, तेव्हा शंख-शिंपले, खडे, बिया, पानं यांतून तेच साधलं. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघांनी पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी हयात घालवली. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या साधनांच्या मागचं तत्त्व त्यांना पक्कं कळलं होतं, म्हणून साधन बदलायची हिंमत झाली. तुमच्या मॉन्टेसरी कोर्समध्ये गुलाबी मनोरा, म्हणजे मोठ्यावर लहान असे रचायचे गुलाबी ठोकळे, कसा मांडायचा हे शिकवलं असेल. तो का मांडायचा हे कळलं, तर तेच काम स्वयंपाकघरातल्या एकात एक बसणाऱ्या डब्यांनी होतं.

पगाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बोलायलाच हवं. बालवर्गाचं काम ही सेवा आहे, त्यात पैशाचं काय, हे वाक्य ताराबाई-अनुताईंची नावं घेऊन ऐकवलं जातं. त्यांच्या त्यागाचा आधार घेऊन तुम्हाला कमी पगार देणं बरोबर नाही. नेमणुकीचं पत्र लेखी घ्या. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेला भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. १० किंवा जास्त असतील तर २६ आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा मिळते. शिक्षकांना ग्रॅच्युइटीचा हक्क २००९च्या दुरुस्तीने स्पष्टपणे मिळालेला आहे. पगारवाढ मागायला जाल तेव्हा नोंदींची फाइल आणि मुलांचे कागद सोबत न्या. आणि पगाराइतक्याच नेटाने दोन गोष्टी मागा: आठवड्यातून दोन तास मुलांशिवायचा तयारीचा वेळ, आणि वर्गात माणूसबळ. २०१३च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाबरोबरच्या निकषांत ३ ते ६ वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस सांगितलंय. तुमच्या वर्गात किती आहेत ते मोजा.

कोऑर्डिनेटरपदाबद्दल माझा सल्ला आहे की पुढच्या वर्षी घेऊ नका. चार वर्षांत तुम्ही नर्सरी आणि ज्युनियर पाहिलं, सिनियर केजी पाहिलेलं नाही. शाळेला सांगा की मला हीच मुलं पुढच्या वर्गात न्यायची आहेत. तीच मुलं सलग दोन वर्षं पाहायला मिळणं यासारखं शिक्षण कुठल्याच कोर्समध्ये नाही, कारण गेल्या वर्षीचे आपले अंदाज खरे ठरले की खोटे, हे तिथे समोर दिसतं. सुट्टीच्या दिवसांत परवानगी काढून महापालिकेच्या शाळेतल्या पहिलीच्या वर्गात दोन-तीन दिवस बसा. आपली मुलं कुठे जाऊन पोचतात, कुठे अडतात, ते बघा. जमलं तर एखाद्या पाळणाघरात तीन वर्षांखालच्या मुलांसोबतही थोडे दिवस काढा. त्यानंतर कोऑर्डिनेटर झालात तर दुसऱ्या शिक्षिकांच्या वर्गात बसून त्यांना मुलं बघायला शिकवाल. आत्ता झालात तर बसची यादी, फीची आठवण आणि गॅदरिंगचे कपडे यातच दिवस जाईल.

आता कोर्स. बी.एड.ची रचना मुख्यतः सहावीपासूनच्या वर्गांसाठी आहे, आणि ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. पात्रता ग्राह्य धरता येणार नाही असा निर्णय दिला. तुम्हाला लहान मुलांमध्ये राहायचं असेल तर बी.एड.साठी दोन वर्षं आणि एवढा पैसा घालवायचं मला कारण दिसत नाही. पहिली-दुसरीचा दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांसाठीची दोन वर्षांची पदविका आहे. पूर्वप्राथमिकसाठी एनसीटीईने, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, मान्य केलेली पदविका म्हणजे डीपीएसई, तीही दोन वर्षांची. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा डीईसीई हा बालशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम बारावीनंतर घरून करता येतो. त्याचं बालविकासावरचं साहित्य चांगलं आहे. पदवी हवीच असेल, आणि माझ्या मते ती घ्यावी, तर मानवी विकास हा विषय मिळतो का ते पाहा. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. नोंदी करता करता अडणाऱ्या मुलांकडेच तुमचं मन ओढ घेतंय असं जाणवलं, तर विशेष शिक्षणाकडे वळा, आणि मग भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच कोर्स घ्या.

"एनटीटी" (नर्सरी टीचर ट्रेनिंग) किंवा "मॉन्टेसरी" अशा नावाने गल्लोगल्ली जे कोर्स चालतात, त्यांतले बरेच एनसीटीईच्या मान्यतेचे नसतात. मॉन्टेसरी हे नाव कोणीही लावू शकतं. मारिया मॉन्टेसरींनी १९२९मध्ये स्थापन केलेल्या एएमआय या संस्थेची पदविका हा वेगळा, खूप मेहनतीचा आणि खर्चिक अभ्यास आहे. त्याच्याशी या कोर्सची गल्लत करू नका. मान्यता नसलेला प्रत्येक कोर्स वाईट असतो असं मी म्हणणार नाही, काही ठिकाणी फार चांगल्या बाई शिकवतात. पण फी भरण्याआधी चौकशीला जाल तेव्हा चार गोष्टी विचारा. खऱ्या मुलांच्या वर्गात किती दिवस काम करायला मिळेल? माझ्या वर्गात येऊन बसणारं, मागून मला सांगणारं कोणी असेल का? शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः बालवर्ग किती वर्षं घेतलाय? आणि मागच्या बॅचमधल्या एखाद्या विद्यार्थिनीने लिहिलेली मुलाची निरीक्षणवही पाहायला मिळेल का? ही वही हातात आली की दोन पानं वाचा. "मूल आनंदी होते, सहभाग चांगला होता" अशीच वाक्यं दिसली, तर तिथे फी भरू नका, दुसरीकडे चौकशी करा.